रुग्णालयाला पैसे कशाचे देता, त्यावर देशाचं बिल ठरतं

न्यूमोनिया झालेला एक रुग्ण रुग्णालयात भरती होतो. त्याचं वय, आजार, लागणारी औषधं सगळं तेच ठेवू आणि एकच गोष्ट बदलत जाऊ: रुग्णालयाला पैसे कसे मिळतात. प्रत्येक सेवेचं वेगळं बिल होत असेल, तर आणखी एक एक्स-रे काढणं फायद्याचं. दिवसाला ठरावीक रक्कम मिळत असेल, तर आणखी एक दिवस ठेवून घेणं फायद्याचं, कारण शेवटचे दिवस सगळ्यात स्वस्त पडतात. रुग्ण सावरलेला असतो, तपासण्या संपलेल्या असतात आणि खाट मात्र भरलेली राहते. पूर्ण आजाराचं एकच पॅकेज असेल, तर लवकर घरी सोडणं फायद्याचं. वर्षाचं बजेट बांधून दिलेलं असेल, तर मुळात भरती न करणं. आणि माणशी वर्षाला ठरावीक रक्कम मिळत असेल, तर तो आजारीच न पडणं, किंवा वारंवार आजारी पडणारी माणसं आपल्या यादीतच नसणं.

याचा अर्थ डॉक्टर पैशासाठी वाटेल ते करतात, असा मुळीच नाही. जिथे वैद्यकीय उत्तर स्पष्ट असतं, तिथे पैशाने फारसा फरक पडत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसावर कुठल्याही पद्धतीत उपचार होतात. फरक पडतो तो मधल्या पट्ट्यात. आज सोडायचं की उद्या, स्कॅन आत्ता करायचा की दोन आठवडे वाट पाहायची, पुन्हा बोलवायचं की फोनवर विचारायचं? असे लाखो निर्णय दोन्ही बाजूंनी योग्यच असतात. तिथे पारडं किंचित एका बाजूला कललं, की देशाच्या पातळीवर त्याची रक्कम अब्जावधींत जाते.

खर्चाचं मूळ गणित साधं आहे: दर गुणिले संख्या. खर्च आवरण्याचं प्रत्येक धोरण यातल्या एका आकड्याला हात घालतं, आणि दुसरा मोकळा सोडला की तो वाढतो. गोम अशी, की देशाचा आरोग्यखर्च म्हणजे कुणाचं तरी उत्पन्नच असतं. दर कापला की त्या उत्पन्नाची भरपाई संख्येतून होते, आणि संख्या रोखली की महागड्या प्रकारच्या सेवेकडे ओढा वाढतो. अमेरिकेत २०२३ मध्ये आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १७.६ टक्के खर्च झाला. श्रीमंत देशांची सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास आहे. अमेरिकी माणूस डॉक्टरकडे सारखा जातो म्हणून हे घडत नाही. डॉक्टरांच्या भेटी आणि रुग्णालयात काढलेले दिवस तिथे माणशी इतर श्रीमंत देशांपेक्षा कमीच आहेत. फरक मुख्यतः दरांचा आहे. म्हणून ‘लोक नको तेवढी सेवा वापरतात’ एवढंच गृहीत धरून केलेलं धोरण तिथे वारंवार तोकडं पडतं.

पॅकेजच्या आत काय चालतं

आज बहुतेक श्रीमंत देश रुग्णालयांना निदानगटानुसार, म्हणजे सारख्या आजारांचा एक गट करून गटामागे ठरावीक रकमेचं पॅकेज, असे पैसे देतात. ही कल्पना येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी विकसित केली, आणि तिचा हेतू सुरुवातीला रुग्णालयाच्या कामाची मोजदाद करणं हा होता. १९८३ मध्ये अमेरिकेच्या मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याने ती पैसे देण्यासाठी वापरायला घेतली. त्याआधीचा नियम असा होता, की रुग्णालयाने खर्च दाखवायचा आणि मेडिकेअरने तो भरून द्यायचा. अशा व्यवस्थेत काटकसर करणाऱ्याचं नुकसानच होतं.

नव्या पद्धतीत भरती झालेल्या प्रत्येक रुग्णाला एका गटात बसवतात. प्रत्येक गटाला एक भारांक असतो. सरासरी रुग्णाचा १, सोप्याचा त्याहून कमी, अवघडाचा जास्त. रुग्णालयाचा मूळ दर गुणिले भारांक, एवढी रक्कम मिळते. रुग्ण तीन दिवस राहो की नऊ, रक्कम तीच. अफाट खर्चाच्या तुरळक रुग्णांसाठी वेगळी भरपाई असते, नाहीतर एकच रुग्ण छोट्या रुग्णालयाला बुडवू शकतो.

परिणाम लगेच दिसला. १९८३ च्या सुमाराला मेडिकेअरचा रुग्ण सरासरी दहा दिवस रुग्णालयात राहत असे. तो आकडा झपाट्याने खाली आला, आणि लोक ‘पुरतं बरं होण्याआधीच घरी पाठवतात’ अशी तक्रार करू लागले.

आता त्याच न्यूमोनियाकडे जवळून पाहू. अमेरिकी पद्धतीत साध्या न्यूमोनियाचे तीन गट आहेत: गुंतागुंत नसलेला, गुंतागुंत असलेला आणि मोठी गुंतागुंत असलेला. पहिल्या आणि तिसऱ्या गटाच्या भारांकात साधारण दुपटीचा फरक असतो. मूळ दर १०,००० धरला, तर एकाचे ६,५०० आणि दुसऱ्याचे १३,००० होतात. हा फरक कशाने पडतो? डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरने काय लिहिलं आहे, त्याने. रक्ताच्या अहवालात सोडियम १२८ असेल, पण डॉक्टरने नुसता आकडाच लिहिला असेल, तर कोडिंग करणाऱ्याला, म्हणजे कागदावरच्या निदानांना बिलासाठी सांकेतिक क्रमांक देणाऱ्याला, त्यावरून निदान लावता येत नाही. तशी मुभाच नाही. डॉक्टरने ‘हायपोनॅट्रेमिया’ (रक्तात सोडियम कमी असणं) हा शब्द लिहिला, की ती गुंतागुंत ठरते आणि रुग्ण वरच्या गटात जाऊ शकतो. ‘श्वासाचा त्रास’ लिहिलं तर फार काही हाती लागत नाही. ‘तीव्र श्वसननिकामी’ लिहिलं तर मोठी गुंतागुंत. आणि मुख्य निदानच न्यूमोनियाऐवजी ‘सेप्सिस’ (संसर्गामुळे सगळ्या शरीरावर होणारा गंभीर परिणाम) झालं, तर गट पूर्ण बदलून रक्कम आणखी वर जाते.

म्हणून रुग्णालयांनी खास माणसं नेमली. त्यांचं काम म्हणजे केसपेपर वाचून डॉक्टरला विचारणं, ‘या लक्षणांना नाव द्याल का?’ यातलं बरंचसं काम प्रामाणिक असतं. पूर्वी खरोखर आजारी असलेल्या माणसाची नोंद अर्धवट राहत होती, ती आता पूर्ण होते. पण रुग्ण तेच आणि उपचार तेच असताना कागदावर देश वर्षागणिक अधिक आजारी दिसू लागतो, आणि बिल वाढतं. २००७ नंतर मेडिकेअरने गुंतागुंतीच्या पातळ्या अधिक बारीक केल्या तेव्हा नेमकं हेच झालं, आणि केवळ नोंदीमुळे वाढलेली रक्कम वसूल करण्यासाठी पुढची काही वर्षं मूळ दरातच कपात करावी लागली. या कपातीत एक अन्याय दडलेला आहे. ज्या छोट्या रुग्णालयाने कोडिंगची फौज नेमली नाही, त्याचाही मूळ दर तेवढाच कापला गेला.

जर्मनीने २००४ पासून ही पद्धत सक्तीची केली. तिथे वेगळीच कळ उमटली. पॅकेजची रक्कम मिळवून देणारा विभाग म्हणजे शस्त्रक्रिया, आणि खर्चाच्या बाजूला दिसणारा विभाग म्हणजे परिचारिका. त्यामुळे कात्री परिचारिकांवर चालली. एका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार येतो, हे बिलात कुठेच दिसत नव्हतं. अखेर २०२० पासून खाटेजवळच्या शुश्रूषेचा खर्च पॅकेजमधून बाहेर काढून प्रत्यक्ष खर्चानुसार देणं सुरू झालं. म्हणजे त्या भागापुरता देश पुन्हा ‘खर्च दाखवा, पैसे घ्या’ या जुन्या नियमाकडे वळला. पॅकेजमध्ये जी गोष्ट मोजली जात नाही, ती सगळ्यात आधी झिजते. आणि शुश्रूषा मोजायला फार अवघड आहे.

फुगा दुसरीकडे फुगतो

रुग्ण लवकर घरी गेला, की त्याची काळजी दुसऱ्या कुणाला घ्यावी लागते. मेडिकेअरमध्ये ती शुश्रूषागृहांनी आणि घरी येणाऱ्या सेवांनी घेतली, आणि त्यांना १९९० च्या दशकातही जुन्याच पद्धतीने खर्चावर आधारित पैसे मिळत होते. रुग्णालयाचं बिल आटोक्यात आलं आणि या दोन शाखांचं बिल भडकलं. १९९७ च्या कायद्याने त्यांनाही ठरावीक रकमेच्या पद्धतीत आणलं.

घरच्या सेवेची पुढची गोष्ट धोरण आखणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. २००० मध्ये नियम आला, की ६० दिवसांच्या काळात फिजिओथेरपीच्या १० भेटी झाल्या तर रक्कम बरीच वाढेल. हेतू चांगला होता. जास्त गरजेच्या रुग्णाला जास्त पैसे मिळावेत. झालं असं, की दहाच्या जरा वर भेटी झालेल्या रुग्णांचा ढीग पडला आणि आठ-नऊवाले विरळ झाले. २००८ मध्ये एका पायरीऐवजी ६, १४ आणि २० अशा तीन पायऱ्या केल्या. ढीग त्या तीन आकड्यांपाशी सरकले. रुग्णांचे गुडघे आणि कंबरा काही नियमाच्या तारखेला बदलल्या नव्हत्या. २०२० मध्ये भेटींची संख्या रकमेतून पूर्णच काढली आणि रुग्णाच्या अवस्थेवर रक्कम ठरू लागली. आता चिंता उलटी आहे, की गरज असलेल्यालाही भेटी कमी मिळतील. पायरी कुठेही ठेवली, तरी लोक तिच्यावर येऊन उभे राहतात. ज्याला अशी रचना करायची आहे त्याने पायरीऐवजी उतार ठेवावा, म्हणजे एका भेटीने रकमेत झेप येणार नाही.

पुन्हा भरती होण्यावरचा दंडही असाच. ऑक्टोबर २०१२ पासून अमेरिकेत हृदयविकाराचा झटका, हृदय कमजोर होणं आणि न्यूमोनिया यांचे रुग्ण ३० दिवसांत परत भरती होण्याचं प्रमाण जास्त असलेल्या रुग्णालयांची रक्कम कापली जाते; कमाल कपात पुढे ३ टक्क्यांपर्यंत गेली. प्रमाण घटलं. पण तीस दिवसांच्या आत परत आलेला रुग्ण ‘निरीक्षणाखाली’ ठेवला तर ती भरती मोजली जात नाही, मग तो त्याच मजल्यावर तशाच खाटेवर का असेना. शिवाय गरीब वस्तीतल्या रुग्णाकडे घरी औषधं आणून देणारं कुणी नसतं. तो परत येण्याची शक्यता मुळातच जास्त. अशा वस्तीत काम करणाऱ्या रुग्णालयांवर दंड जास्त बसत होता. २०१९ पासून तुलना सारख्या प्रकारच्या रुग्णालयांशी होऊ लागली, ही सुधारणा आधीच व्हायला हवी होती.

सगळ्यांसाठी एकच थैली

बाह्यरुग्ण सेवेत दर आणि संख्या दोन्ही बांधायचा एक मार्ग म्हणजे तरता गुण. तैवानने आपल्या राष्ट्रीय विम्यात तो वापरला: १९९८ मध्ये दंतवैद्यकापासून सुरुवात करून २००२ मध्ये रुग्णालयांपर्यंत. प्रत्येक सेवेला रुपये-पैशांऐवजी गुण असतात. वर्षाची एकूण रक्कम आधी ठरते. वर्षभरात सगळ्यांनी मिळून केलेल्या गुणांनी तिला भागलं, की एका गुणाची किंमत निघते. समजा थैलीत १०० आहेत आणि १०० गुणांचं काम झालं, तर गुणाला १ मिळतो. काम १२० गुणांचं झालं तर गुणाला ०.८३. सरकारचा खर्च मात्र शंभरच.

सरकारी तिजोरीच्या बाजूने हे फार सोयीचं आहे. डॉक्टरच्या बाजूने पाहा. देशातल्या हजारो डॉक्टरांपैकी एकट्याने काम २० टक्क्यांनी वाढवलं, तर गुणाची किंमत नखभरही हलत नाही. त्याचं उत्पन्न जवळजवळ २० टक्क्यांनी वाढतं. ज्याने वाढवलं नाही, त्याचं उत्पन्न इतरांमुळे घटतं. म्हणून शहाणा माणूस वाढवतो. सगळेच वाढवतात आणि शेवटी सगळे २० टक्के जास्त काम करून पूर्वीइतकेच पैसे घेतात. जर्मनीत १९९० च्या दशकात नेमकं हेच झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याला चाकात पळणाऱ्या उंदराचं नाव दिलं. भेटीची वेळ घटत जाते आणि रुग्णाला कारणाशिवाय परत बोलावलं जातं. जर्मनीने १९९७ मध्ये प्रत्येक दवाखान्याला स्वतंत्र मर्यादा लावली, तेव्हा ती शर्यत थोडी मंदावली. थैली जितकी मोठी, तितकी एकेका डॉक्टरची जबाबदारी पातळ होते.

अमेरिकेने हाच प्रयोग आणखी कच्चा केला. १९९७ च्या सूत्रानुसार डॉक्टरांवरचा एकूण खर्च लक्ष्यापेक्षा वाढला, तर पुढच्या वर्षी सगळ्यांचे दर कापायचे होते. २००२ मध्ये सुमारे ५ टक्के कपात झाली. त्यानंतर २००३ पासून संसदेने दर वेळी नवा कायदा करून कपात टाळली, एकूण १७ वेळा. टाळलेली कपात साचत गेली आणि शेवटी २० टक्क्यांच्या वर पोचली. २०१५ मध्ये सूत्रच रद्द झालं. जे बंधन प्रत्यक्षात लावण्याची राजकीय हिंमत होणार नाही, ते कागदावर ठेवल्याने खर्च आवरत नाही. दर वर्षी अनिश्चितता तेवढी निर्माण होते.

जपानने कमी गाजावाजा करून हे जास्त चांगलं हाताळलं आहे, असं आमचं मत आहे. देशभर एकच दरपत्रक, दर दोन वर्षांनी फेरआढावा. आधी एकूण वाढ किती द्यायची ते ठरतं, मग एकेक बाब तपासतात. एखादी तपासणी संशयास्पद वेगाने वाढत असेल, तर नेमका तिचाच दर खाली आणतात. २००२ मध्ये एमआरआयच्या दराला अशी कात्री लागली. जपानमध्ये एमआरआय यंत्रं भरपूर आहेत, तरी एका स्कॅनचा खर्च कमी राहिला, आणि कंपन्यांनाही त्या दरात बसतील अशी छोटी, स्वस्त यंत्रं बनवावी लागली. रोग वाढलेल्या जागीच औषध लावायचं, सगळ्यांना उपाशी ठेवायचं नाही.

टक्केवारीचा सापळा

औषधांमध्ये दरांचा एक सूक्ष्म दोष दिसतो. अमेरिकेत डॉक्टर स्वतः दवाखान्यात टोचतात अशा औषधांसाठी मेडिकेअर सरासरी विक्रीकिमतीवर ६ टक्के जादा देतं. साठवण आणि हाताळणीचा मोबदला म्हणून. दृष्टिपटलाच्या एका आजारात एव्हॅस्टिन आणि ल्युसेंटिस ही दोन औषधं वापरली जातात. पहिल्याचा एक डोस सुमारे ५० डॉलर, दुसऱ्याचा बराच काळ सुमारे २,००० डॉलर. मोठ्या तुलनात्मक चाचणीत दोघांनी दृष्टी जवळजवळ सारखीच राखली. सहा टक्के म्हणजे एकात ३ डॉलर आणि दुसऱ्यात १२०. फ्रीजमध्ये दोन्ही कुप्या जवळपास तेवढीच जागा घेतात. हाताळणीसाठी टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम दिली, तर हा ओढा नाहीसा होतो.

विमा कंपन्यांच्या नफ्यावरची मर्यादाही याच जातीची. अमेरिकेत २०११ पासून कंपनीने हप्त्यांतले किमान ८० किंवा ८५ टक्के उपचारांवर खर्च करायचे असा नियम आहे. ग्राहकाला त्याने संरक्षण मिळालं, यात शंका नाही. पण उरलेले १५ किंवा २० टक्के मोठे करायचे असतील, तर एकूण आकडाच मोठा व्हावा लागतो. मग रुग्णालयाशी दरासाठी जिवाच्या आकांताने भांडायचं कारण उरत नाही.

जर्मनीने १९८९ मध्ये सारख्या परिणामाच्या औषधांचा एक गट करून त्याला संदर्भदर ठरवला. विमा तेवढेच देतो. त्याहून महाग औषध हवं तर फरक रुग्णाने भरायचा. बहुतेक कंपन्यांनी किंमत त्या रेषेपर्यंत खाली आणली. मात्र हे फक्त जिथे पर्याय आहेत तिथे चालतं. नव्या, पर्याय नसलेल्या औषधाला गटच नसतो, आणि खर्च तिकडेच धावतो.

रुग्णाच्या खिशाला हात

सगळ्यात सोपं वाटणारं धोरण म्हणजे रुग्णालाच थोडा वाटा उचलायला लावणं. यावर १९७४ ते १९८२ या काळात अमेरिकेत रँड संस्थेने खरा प्रयोग केला: कुटुंबांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वेगवेगळ्या विम्यांत वाटलं. पूर्ण मोफत सेवा असलेल्यांचा खर्च मोठा वाटा स्वतः भरणाऱ्यांपेक्षा लक्षणीय जास्त होता. म्हणजे धोरण खर्च कमी करतं, हे खरं. पण लोकांनी गरजेची आणि बिनगरजेची सेवा साधारण सारख्याच प्रमाणात टाळली. सरासरी माणसाची तब्येत फारशी बिघडली नाही. गरीब आणि उच्च रक्तदाब असलेल्यांचा रक्तदाब मात्र मोफत सेवेत अधिक चांगला राहिला.

त्याहून मोठी अडचण गणिताची आहे. अमेरिकेत एका वर्षातल्या एकूण खर्चापैकी जवळजवळ निम्मा खर्च ५ टक्के लोकांवर होतो. कर्करोगाचा रुग्ण स्वतःच्या वाट्याची वार्षिक मर्यादा पहिल्या काही आठवड्यांतच ओलांडतो. त्यानंतर वाटा उचलण्याचा त्याच्या उपचारावर काहीच परिणाम होत नाही. परिणाम होतो तो खोकल्यासाठी जाऊ की नको असा विचार करणाऱ्यावर, आणि मधुमेहाची गोळी एक दिवसाआड घेणाऱ्यावर. देशाचा खर्च जिथे आहे तिथे हे धोरण पोचतच नाही.

बजेट बांधायचं, पण कसं

मेरीलँड या अमेरिकी राज्यात १९७० च्या दशकापासून एक मंडळ रुग्णालयांचे दर ठरवतं, आणि सरकार असो की खासगी विमा, सगळ्यांना तोच दर. त्यामुळे एकाकडून कमी मिळालं म्हणून दुसऱ्याकडून उकळण्याची सोय नाही. दर आवरले, पण भरतीची संख्या वाढत राहिली. म्हणून २०१४ पासून रुग्णालयाला वर्षाचं ठरलेलं उत्पन्नच बांधून दिलं जातं. कॅनडातल्या रुग्णालयांनाही दशकानुदशके ठोक बजेट मिळत आलं आहे. तिथे वर्ष संपत आलं की शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात आणि रांगा लांबतात. मेरीलँडची यंत्रणा थोडी वेगळी आहे. बिल प्रत्येक रुग्णाचंच होतं, पण वर्षाच्या मध्यात रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी आले तर रुग्णालयाने दर थोडे वाढवायचे, जास्त आले तर उतरवायचे. पाच टक्क्यांच्या आतला बदल परवानगीशिवाय करता येतो. शेवटी ठरलेला आकडा गाठायचा. रिकामी खाट इथे तोटा देत नाही, आणि दम्याच्या मुलाच्या घरी परिचारिका पाठवून त्याची पुढची भरती टाळली तर वाचलेला खर्च रुग्णालयाकडेच राहतो.

यातही पळवाट आहेच. रुग्णालयाच्या आवाराबाहेरच्या दवाखान्यात केलेली शस्त्रक्रिया बजेटमध्ये मोजली जात नाही. ती बाहेर ढकलली, तर बजेट तसंच राहतं आणि बाहेरचं बिल वेगळं होतं. त्यामुळे कुठलं काम बाहेर गेलं हे शोधून तेवढी रक्कम बजेटमधून वजा करायला मंडळाला दर वर्षी नोंदी तपासत बसावं लागतं, आणि त्या नोंदी वेळेवर हाती आल्या तरच ती वजावट होते.